पलटण सोडण्याआधीची दोन वर्षं : जवानाच्या दुसऱ्या नोकरीची तयारी

शिपाई, नाईक किंवा हवालदार म्हणून सैन्यातून बाहेर पडणारा माणूस बहुधा पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान असतो. मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज फिटायचं असतं, आईवडील थकलेले असतात. पेन्शन सुरू होते, पण एकट्या पेन्शनवर मुलीचं इंजिनिअरिंग होत नाही. पुढची पंधरा-वीस वर्षं कमवायचं आहे, हे प्रत्येकाला माहीत असतं. तरीही बहुतेक जण "आधी घरी जाऊ, मग बघू" म्हणतात, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं.

माझं ठाम मत आहे की दुसरी नोकरी कशी मिळेल हे पद किंवा हुशारीपेक्षा सेवेतल्या शेवटच्या दोन वर्षांवर जास्त ठरतं. त्या काळात पगार चालू असतो, युनिटचा क्लार्क हाताशी असतो, सरकारी खर्चाचा कोर्स मिळू शकतो आणि परीक्षेचे अर्ज भरता येतात. एकदा डिस्चार्ज झाला की प्रत्येक कागदासाठी रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार आणि प्रत्येक शिक्षणासाठी खिशातला पैसा. म्हणून हा लेख ज्यांची तेरा ते सोळा वर्षं सेवा झाली आहे, त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. नुकतेच बाहेर पडलेल्यांनाही त्यातलं बरंच लागू आहे. अधिकाऱ्यांची वाट वेगळी असते, त्याबद्दल पुढे थोडक्यात येईल.

सुरुवात कागदांपासून

पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा दहावीची सनद, आधार, पॅन आणि बायको-मुलांचे जन्मदाखले एकत्र काढा. मग युनिटमधल्या तुमच्या नोंदींशी एकेक अक्षर ताडून बघा. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही आणि सैन्याच्या नोंदीत फक्त पहिलं नाव आणि आडनाव, असं खूप ठिकाणी असतं. बायकोच्या नावाचं स्पेलिंग एकीकडे वेगळं, मुलाची जन्मतारीख दुसरीकडे वेगळी. सेवेत असताना ही दुरुस्ती पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटने काढलेल्या नोंदीच्या आदेशाने होते. डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्तीची पुस्तिका, छापून झाल्यावर तेच काम महिनोन्महिने रेंगाळतं, आणि तोवर कुठेतरी कागदपत्र पडताळणीत तुमचा अर्ज बाद झालेला असतो.

याच वेळी शिक्षणाच्या नोंदी बघा. सेवेत असताना बारावी किंवा पदवी केली असेल, सैन्यातला एखादा ट्रेड कोर्स झाला असेल, तर त्याची नोंद चढली आहे ना? डिस्चार्ज बुकमध्ये शिक्षणापुढे 'दहावी' एवढंच छापून आलं, तर मधल्या सगळ्या मेहनतीचा पुरावा स्वतंत्रपणे गोळा करत बसावं लागतं.

गावाकडच्या कागदांत अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवा. आरक्षित प्रवर्गातले असाल तर जातीचा दाखला आणि जात पडताळणी आत्ताच सुरू करा. पडताळणीला आजोबा-पणजोबांपर्यंतचे पुरावे लागतात आणि ते दोन आठवड्यांच्या सुट्टीत गोळा होत नाहीत. हे काम भावाला किंवा मेव्हण्याला लेखी यादी देऊन सोपवा.

बाहेर पडल्यावर पहिल्या महिन्यातच आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नोंदणी करा आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र घ्या. नोकरीसाठीची नोंदणीही तिथेच होते. ओळखपत्र कॅन्टीनपुरतं आहे असं समजून ते टाळणारे बरेच असतात. पुढे मुलांच्या शिष्यवृत्तीपासून वसतिगृहापर्यंत सगळीकडे तेच लागतं.

पदवी : कुठे लागते, कुठे नाही

केंद्र सरकारच्या नियमानुसार दहावी उत्तीर्ण आणि किमान 15 वर्षं सेवा झालेला माजी सैनिक गट क मधल्या, माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या आणि पदवी मागणाऱ्या पदांसाठी पात्र धरता येतो. अट अशी की त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव अत्यावश्यक नसावा. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीतही ही सवलत आहे. दहावीऐवजी आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन किंवा नौदल-हवाईदलाचं तत्सम प्रमाणपत्रही चालतं.

पण ही सवलत म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे. तिच्या आधारावर एम.ए.ला किंवा बी.एड.ला प्रवेश मिळत नाही. खाजगी कंपनीला ती कळत नाही, आणि बँकेत लागल्यावर अधिकारी व्हायचं असेल तर खरी पदवी असलेली बरी. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, बारावी झाली असेल तर आजच पदवीला नाव घाला.

दोन मार्ग सरळ आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू. तिथे जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत प्रवेश असतो, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, आणि बदली झाली तर प्रादेशिक केंद्र व परीक्षा केंद्र बदलून घेता येतं. राजस्थानातून अरुणाचलला पोस्टिंग झालं तरी शिक्षण तुटत नाही, हा सैनिकासाठी मोठा फायदा. दुसरा मार्ग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा. 1989 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात मराठीतून पदवी करता येते. ज्याला महाराष्ट्रातच तलाठी, लिपिक, पोलीस अशा भरत्या द्यायच्या आहेत आणि इंग्रजीची धास्ती आहे, त्याने हे विद्यापीठ घ्यावं. ज्याची बदली दूर होण्याची शक्यता आहे, त्याने इग्नू. "सहा महिन्यांत पदवी" म्हणणाऱ्या एजंटांना मात्र दारात उभं करू नका. मागच्या तारखेची पदवी घेऊन देतो म्हणणारा माणूस तुमची नोकरी आणि अब्रू दोन्ही घालवेल.

पदवीबरोबर दोन लहान गोष्टी करून ठेवा, ज्यांच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. एक एमएस-सीआयटी, दुसरी टायपिंग. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट वेगाचं प्रमाणपत्र मागतात. सैन्यात क्लार्क असलेल्यांचा इंग्रजीचा वेग चांगला असतो, बाकीच्यांनी मराठी धरावी. रोज अर्धा तास कीबोर्डवर बसलात तर वर्षभरात वेग येतो, आणि ही तयारी बॅरेकमध्येही करता येते.

पुनर्वसन कोर्स निवडताना

संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत पुनर्वसन महासंचालनालय आहे, पलटणीत त्याला सगळे डीजीआर म्हणतात. जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे सुभेदार वगैरे) आणि इतर जवानांच्या कोर्सची फी पूर्णपणे सरकार भरतं. अधिकाऱ्यांना 40 टक्के स्वतः भरावी लागते, आणि त्यांच्यासाठी आयआयएमसारख्या संस्थांमध्ये 24 आठवड्यांचे व्यवस्थापन कोर्स असतात. अर्ज युनिटमार्फत जातो, म्हणून कोर्सची यादी आली की आपल्या हेड क्लार्कला आठवण करत राहा.

इथे एक चूक सर्रास होते. घराजवळ आहे, सोपा आहे, मित्राने घेतला आहे, या कारणांनी कोर्स निवडला जातो. तीन महिने घरी राहायला मिळतात, प्रमाणपत्र मिळतं आणि ते कपाटात पडतं. निवडण्याआधी त्याच संस्थेतून मागच्या वर्षी कोर्स केलेल्या दोघांना फोन लावा. किती जणांना त्याच कामात नोकरी लागली, प्रात्यक्षिक यंत्रावर झालं की फक्त वर्गात, एवढं विचारलं तरी पुरतं. कोर्स असा घ्या की तो तुमच्या सैन्यातल्या कामावर चढेल. स्टोअर सांभाळलेल्याने गोदाम आणि साठा व्यवस्थापनाचा, सिग्नल्समधल्याने नेटवर्किंग किंवा ऑप्टिकल फायबरचा, इंजिनिअर्समधल्या ऑपरेटरने अवजड यंत्रांच्या नागरी प्रमाणपत्राचा. सतरा वर्षांचा अनुभव सोडून तीन महिन्यांच्या नव्या विषयावर नोकरी मागायला गेलात, तर समोरचा तुम्हाला नवशिक्याच समजणार.

ड्रायव्हर असाल तर जड वाहनाचा नागरी परवाना सेवेतच हातात घ्या. आणि नर्सिंग असिस्टंट असाल तर एक सांगतो : सैन्यातलं काम कितीही जबाबदारीचं असलं, तरी बाहेरच्या रुग्णालयात नर्सिंग कौन्सिलची नोंदणी विचारतात. आपलं प्रमाणपत्र कोणत्या नोंदणीला चालतं ते आधी विचारून घ्या, नाहीतर अनुभवी माणूस वॉर्डबॉयच्या पगारावर अडकतो.

सैन्यातलं काम बाहेरच्या भाषेत

चाकणच्या एखाद्या गोदामाचा मॅनेजर तुमचा बायोडेटा वाचतो आहे असं समजा. त्यात लिहिलं आहे, "सीक्यूएमएच, बी कंपनी, तीन वर्षं." त्याला यातलं काही कळत नाही आणि तो पुढचा कागद उचलतो. तेच काम असं लिहून बघा : "सव्वाशे माणसांच्या तुकडीचं रेशन, कपडे आणि साहित्य यांचा तीन वर्षं संपूर्ण हिशोब. आवक-जावक लेजर, दर महिन्याची प्रत्यक्ष मोजणी, वार्षिक स्टॉक तपासणीची तयारी. हाताखाली चार माणसं." आता त्याला समोर स्टोअर सुपरवायझर दिसतो. तपासणीत कधी तूट निघाली नसेल तर तेही लिहा, पण खरं असेल तरच.

याच पद्धतीने एमटी, म्हणजे वाहन विभागातल्या, हवालदाराने किती गाड्या, कोणत्या प्रकारच्या, दुरुस्तीचं वेळापत्रक कोण बघत होतं, डिझेलचा हिशोब कसा ठेवला ते लिहावं. ट्रेनिंग सेंटरवर उस्ताद राहिलेल्याने एका वेळी किती रिक्रूटना काय शिकवलं ते लिहावं. कारखान्यातल्या प्रशिक्षण विभागाला असा माणूस हवा असतो. पदकं आणि प्रशस्तिपत्रं शेवटी दोन ओळींत येऊ द्या. पानभर यादी नको. आणि बायोडेटा एका पानाचा, फार तर दोन.

सरकारी भरती : टक्के, वय आणि घड्याळ

केंद्र सरकारच्या गट क पदांत माजी सैनिकांसाठी 10 टक्के आरक्षण आहे. सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी बँकांत ते गट क किंवा क्लार्क पातळीवर 14.5 टक्के आणि त्याखालच्या पातळीवर 24.5 टक्के आहे. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड पदांत समांतर आरक्षण 15 टक्के आहे, पोलीस भरतीतही ते मिळतं. समांतर म्हणजे तुमच्या मूळ प्रवर्गाच्या आतच ती जागा मोजली जाते. म्हणून जातीचा दाखला आणि माजी सैनिकाचा पुरावा, दोन्ही लागतात.

पात्र उमेदवार मिळाला नाही की माजी सैनिकांची जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराकडे जाते. आपल्या हक्काच्या जागा आपण अर्ज न भरल्यामुळे, किंवा लेखी परीक्षेत किमान गुण न मिळाल्यामुळे जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आरक्षण आहे म्हणून अभ्यास नको, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अंकगणित, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान यांना रोज दोन तास लागतातच. सतरा वर्षांनी पुस्तक हातात घेतल्यावर पहिले दोन महिने जड जातात, मग हात बसतो.

वयाचा हिशोब नीट समजून घ्या. केंद्राच्या गट क भरतीत तुमच्या वयातून सैन्यातली सेवा वजा करतात, आणि उरलेलं वय कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसावं. समजा पदाची मर्यादा 28 आहे. तुम्ही 17 वर्षं सेवा करून 38 व्या वर्षी बाहेर पडलात, तर हिशोबाचं वय 21. मर्यादा 28 अधिक 3, म्हणजे 31. तुमच्याकडे साधारण दहा वर्षं आहेत. बँक क्लार्कच्या भरतीत मात्र वरची सीमा 50 वर्षांची असते. दहा वर्षं खूप वाटतात, पण भरती दरवर्षी निघत नाही आणि अभ्यासाची सवय तुटली की परत लागत नाही. पहिल्या तीन वर्षांत जोर लावा.

डिस्चार्ज होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत ज्यांची सेवा संपणार आहे, ते माजी सैनिक म्हणून अर्ज करू शकतात. त्यासाठी कमांडिंग ऑफिसरचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. नमुना जाहिरातीतच दिलेला असतो, तोच वापरा. जुन्या नमुन्यावर सही घेऊन गेलेल्यांना पडताळणीच्या टेबलावरून परत यावं लागतं.

बँकेकडे जवानांचा ओढा आहे तो उगाच नाही. तिथे पगार निश्चित करताना सैन्यातला शेवटचा पगार विचारात घेतात. अधिकाऱ्याखालच्या पदावरून निवृत्त झालेल्याची पेन्शन केंद्राच्या पुनर्नियुक्तीतही पगारनिश्चितीसाठी पूर्णपणे वगळली जाते. म्हणजे पेन्शन आणि पगार दोन्ही मिळतात.

ज्यांना वर्दी सोडवत नाही त्यांच्यासाठी डिफेन्स सिक्युरिटी कोअर, म्हणजे संरक्षण आस्थापनांची राखण करणारं दल आहे. तिथे पुन्हा भरती होऊन आवश्यक सेवा पूर्ण केली तर दुसरी पेन्शन लागू शकते. वय, मेडिकल कॅटेगरी आणि डिस्चार्जनंतर किती काळ गेला याच्या अटी असतात, त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा लागतो. मराठवाड्यातल्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या प्रादेशिक सेनेच्या 136 इको बटालियनची चौकशी करावी. वृक्षलागवडीचं काम करणाऱ्या या पलटणीत माजी सैनिकच घेतात.

सिक्युरिटीचं काम घ्यायचं तर

सिक्युरिटी गार्डची नोकरी कमी दर्जाची आहे असं मी म्हणणार नाही. त्यावर हजारो घरं उभी आहेत. पण ती पहिल्याच आठवड्यात, कुणीतरी सांगितलं म्हणून, बारा तासांच्या ड्युटीवर धरू नका. एकदा त्या चक्रात शिरलात की अभ्यासाला वेळ उरत नाही.

आधी महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडे, म्हणजे मेस्कोकडे नाव नोंदवा. डीजीआरने पुरस्कृत केलेल्या एजन्सी दुसऱ्या क्रमांकावर, कारण तिथे वेतनाचे दर ठरलेले असतात. खाजगी एजन्सीकडे गेलात तर पाच प्रश्न रुजू होण्याआधी विचारा : ड्युटी आठ तासांची की बाराची, जादा तासांचा दर काय, पीएफचा यूएएन क्रमांक मिळणार का, आठवड्याची सुट्टी पगारी आहे का, वर्दीचे पैसे पगारातून कापणार का. उत्तर नेमणूकपत्रात लिहून मागा.

2005 च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली गार्डला प्रशिक्षण सक्तीचं आहे. माजी सैनिकांसाठी त्याची संक्षिप्त आवृत्ती आहे, 40 तास वर्गात आणि 16 तास मैदानावर. त्याचं प्रमाणपत्र स्वतःकडे ठेवा, एजन्सी बदलताना लागतं.

याच क्षेत्रात वर चढायचं असेल तर औद्योगिक सुरक्षेकडे बघा. पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनुसार (नोव्हेंबर 2025 पासून लागू) सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो. त्यासाठीचा औद्योगिक सुरक्षा पदविका अभ्यासक्रम विज्ञान पदवीधर किंवा इंजिनिअरिंग डिप्लोमाधारकांना करता येतो. सेवेत डिप्लोमा झालेल्या तांत्रिक जवानांनी याचा जरूर विचार करावा, कारण गेटवरच्या आणि सेफ्टी ऑफिसरच्या पगारात फार मोठा फरक असतो.

धंदा

निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी, फंड आणि पेन्शन विक्रीची रक्कम एकदम हातात येते. पेन्शनचा 50 टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो, म्हणजे त्याच्या बदल्यात आधीच एकरकमी पैसे घेता येतात, आणि तो 15 वर्षांनी पूर्ववत होतो. हा पैसा येतोय हे नातेवाइकांना आणि योजनावाल्यांना तुमच्या आधी कळलेलं असतं. पहिले सहा महिने त्यातला एक रुपयाही धंद्यात घालू नका.

धंदा करायचाच असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक विशेष प्रवर्गात येतात. ग्रामीण भागात अनुदान 35 टक्के, शहरात 25 टक्के आणि स्वतःचा वाटा फक्त 5 टक्के. गावात दहा लाखांचा डाळमिल किंवा मसाल्याचा प्रकल्प असेल तर तुमचे पन्नास हजार, बँकेचं कर्ज साडेनऊ लाख, आणि साडेतीन लाख अनुदान. लक्षात ठेवायचं ते असं की अनुदान हातात येत नाही. ते तुमच्या नावे बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवतात आणि युनिट चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळतं करतात. हे माहीत नसलेले लोक त्या रकमेवर भांडवलाचा हिशोब बांधतात आणि पहिल्याच वर्षी अडचणीत येतात. हे अनुदान फक्त नव्या युनिटसाठी आहे, चालू धंदा वाढवायला नाही.

अग्निवीरांसाठी वेगळं

2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून पूर्ण होत आहेत. यातल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांना सैन्यात कायम घेतलं जातं. उरलेल्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यामुळे वर लिहिलेलं माजी सैनिकांचं आरक्षण त्यांना आपोआप लागू होत नाही. त्यांच्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत वेगळी तरतूद जाहीर झाली, ती 10 टक्क्यांपासून सुरू झाली. प्रत्येक दलाची ताजी जाहिरात बघून अर्ज करा.

अग्निवीराकडे वय आहे, हे त्याचं बळ. एकवीस ते पंचवीसच्या दरम्यान बाहेर पडणाऱ्याने चार वर्षांनी एकरकमी मिळणारा सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी मोटारसायकल आणि घराच्या स्लॅबमध्ये घालू नये. इग्नूने त्यांच्यासाठी कौशल्यावर आधारित पदवी सुरू केली आहे, ज्यात निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणातून मोजले जातात. ती सेवेतच सुरू करावी, म्हणजे बाहेर पडताना पदवी जवळ आलेली असते. आईवडिलांनीही हे समजून घ्यावं. मुलगा परत आला म्हणजे हरला असं नाही, त्याला शिकायला दोन वर्षं द्या.

घरच्यांचं शिक्षण

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत माजी सैनिकांच्या मुलांना दरमहा 2500 आणि मुलींना 3000 रुपये मिळतात, व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षी प्रवेश घेतानाच अर्ज करायचा असतो आणि बारावीला 60 टक्के लागतात. दुसऱ्या वर्षी आठवण आली तर संधी गेलेली असते. सैनिक कल्याण विभागाची जिल्ह्याच्या ठिकाणी मुला-मुलींची वसतिगृहं आहेत. वीरपत्नींनी आणि माजी सैनिकांच्या पत्नींनीही जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन चौकशी करावी. अनेक योजना घरातल्या पुरुषाने विचारल्या नाहीत म्हणून घरापर्यंत पोचतच नाहीत.

रुजू होण्याच्या दिवशी

माजी सैनिकांच्या आरक्षणातून सरकारी नोकरीत एकदा रुजू झालात की पुढच्या भरतीसाठी तो लाभ संपतो. पण केंद्राच्या 14 ऑगस्ट 2014 च्या आदेशाने एक वाट ठेवली आहे. रुजू होण्याआधी तुम्ही इतर ज्या जागांसाठी अर्ज केले आहेत, त्यांची तारीखवार यादी रुजू होताच नव्या कार्यालयाला लेखी दिली, तर त्या अर्जांसाठी लाभ कायम राहतो. समजा शिपाई पदावर बोलावणं आलं आणि बँक क्लार्कचा निकाल अजून लागायचा आहे. ही यादी दिली नाही तर क्लार्कच्या जागेवरचा हक्क जाईल.

म्हणून पहिला अर्ज भरल्यापासूनच एका वहीत पदाचं नाव, जाहिरात क्रमांक, अर्जाची तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहीत जा. रुजू होताना त्यावरून दोन प्रती करा, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांकासह शिक्का आणि सही घेऊन ती आपल्या फाइलला लावा.